मापकाकूंचं टार्गेट

बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना मापकाकू म्हणत. बायका मोठ्याने म्हणत, पुरुष आपसात म्हणत आणि म्हणताना जरा दुसरीकडे बघत. कारण काकू विकत होत्या बायकांचे आतले कपडे, आणि तेही घरातच, मागच्या खोलीत, दाराला आतून कडी लावून.

हा धंदा काही त्यांनी ठरवून सुरू केला नव्हता. मुलगी वयात आली तेव्हा तिला घेऊन त्या बाजारातल्या दुकानात गेल्या होत्या. काउंटरमागच्या माणसाने मुलीकडे वरून खाली एकदा पाहिलं, "चौतीस होईल," म्हणाला आणि डबा पुढे सरकवला. ते काही झालं नाही. बदलायला म्हणून परत त्या माणसासमोर उभं राहायचं तर मुलगी मरायला तयार, पण जायला तयार नाही. शेवटी काकू एकट्याच ठोक व्यापाऱ्याकडे गेल्या आणि चार मापांचे डबे घरी घेऊन आल्या. म्हणाल्या, घालून बघ, राहतील ते परत करू. राहिलेले परत गेलेच नाहीत. खालच्या मजल्यावरच्या कॅशियरबाईंनी दोन नेले, त्यांच्या जावेने दोन नेले, आणि जावेच्या बहिणीने आणखी आहेत का म्हणून विचारलं. पुढे मुलगी लग्न होऊन सासरी गेली, धंदा मात्र माहेरीच राहिला.

मागच्या खोलीत एक कपाट, एक उभा आरसा, एक खुर्ची आणि काकूंच्या गळ्यात मोजपट्टी, एवढंच भांडवल. आलेली बाई आधी खुर्चीत टेकायची आणि भलतंच काहीतरी बोलायची. नळाला पाणी कमी येतंय, मुलाचे मार्क घसरलेत, नणंद यायची आहे. काकू तिला बोलू द्यायच्या. बोलता बोलता बाईचे खांदे सैल पडले की मग उठून पट्टी लावायच्या. दहा-दहा वर्षं चुकीच्या मापात काढलेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. खांद्यावर पट्ट्याचे काळे वळ, बरगडीखाली हुकाची जखम, आणि वर "मला ना, कुठलंच नीट बसत नाही" अशी स्वतःचीच लाज. काकू म्हणायच्या, "तुझ्यात काही वाकडं नाही गं बाई, डब्यावरचा आकडा खोटा आहे."

कधी एका दुपारी चार-पाच जणी यायच्या, कधी आठवडाभर चिटपाखरू नाही. काही जणी नुसत्याच बसून, चहा पिऊन जायच्या. काकूंचं त्यात भागत होतं. धंद्याचं तुमचं ध्येय काय, असं कुणी विचारलं असतं तर त्या आधी हसल्या असत्या आणि मग म्हणाल्या असत्या, आलेली बाई पुन्हा यावी. बदलायला नको, दुसरं घ्यायला यावी.

पण विचारणारं घरात कुणी नव्हतं. काकूंचा नवरा रंगांच्या कंपनीत विक्रीचा मोठा अधिकारी होता. महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर, उरलेले दहा थकलेला. हाताखालची माणसं त्यांना साहेब म्हणत, ती फोनवर तसं म्हणताना काकूंच्या कानावर पडे, आणि हळूहळू काकूही मनातल्या मनात त्यांना साहेबच म्हणू लागल्या होत्या. मागच्या खोलीत साहेब कधी डोकावले नाहीत. घरी पाहुणे आले आणि विषय निघाला तर म्हणत, "हिचा आपला काहीतरी चिंधीउद्योग चालू असतो. मन रमतं." काकू आतून पाण्याचे पेले घेऊन येत आणि तेही ऐकून घेत.

मग रंगांची कंपनी दुसऱ्या कंपनीने गिळली आणि साहेबांना मुदतीआधी घरी पाठवण्यात आलं. पहिला महिना साहेब झोपले. दुसऱ्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, म्हणजे मिठाच्या डब्यावर मीठ आणि साखरेच्या डब्यावर साखर. तिसऱ्या महिन्यात जिना चढताना त्यांच्या कानावर एक वाक्य पडलं. पार्सल घेऊन आलेला माणूस तळमजल्यावर त्यांच्या नावाने चौकशी करत होता आणि कॅशियरबाई त्याला सांगत होत्या, "हां, ते होय. ते मापकाकूंचे मिस्टर. दुसरा मजला."

तीस वर्षांचा साहेब एका वाक्यात मिस्टर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप बाजूला सारून त्यांनी विचारलं, "तुझं टार्गेट काय आहे?"

"कसलं टार्गेट?"

"धंद्याचं. महिन्याचं म्हण, तिमाहीचं म्हण."

"बायका येतात, घेतात, जातात," काकू म्हणाल्या.

"म्हणजे नाहीच," साहेब म्हणाले. आजार वेळेत सापडला असं डॉक्टर सांगतात तसे म्हणाले. "अगं, टार्गेटला घाबरायचं नसतं. टार्गेट झेपेल असंच ठेवायचं. हात वर केल्यावर लागतं त्याच्या चार बोटं वर. टाच उचलली की हात लागला पाहिजे. मी एवढी पोरं तयार केली, सगळ्यांना हेच शिकवलं."

काकूंना ते टाच उचलण्याचं आवडलं, खोटं कशाला बोला. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, करू दे बाबांना काहीतरी. नाहीतर दिवसभर तुझं डोकं खातील." काकूंनाही ते पटलं. महिन्याला दहा नव्या बायका, असं ठरलं. ठरलं म्हणजे साहेबांनी ठरवलं आणि काकूंनी मान हलवली.

त्याच दिवशी जेवताना साहेबांनी आणखी एक प्रश्न विचारला. "मला सांग, दुकानात मिळत नाही असं तुझ्याकडे काय आहे?"

इतक्या वर्षांत त्यांनी काकूंच्या कामाबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि विचारून ते खरंच थांबले होते, घास हातात धरून. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर हा माणूस आपल्याकडे असा बघत बसलेला त्यांना आठवत नव्हता. आणि मग त्यांनी चित्रकलेच्या बाईंची गोष्ट सांगितली.

चित्रकलेच्या बाई शाळेत शिकवायच्या. एकट्याच राहायच्या. त्यांचं ऑपरेशन होऊन छातीची डावी बाजू काढून टाकली होती. शाळेत त्यांनी पित्ताशयाचं सांगितलं होतं, आणि तेच खरं मानून सगळ्यांनी त्यांना तळलेलं खाऊ नका म्हणून सल्ले दिले होते. बाई पहिल्यांदा काकूंकडे आल्या तेव्हा ओढणीची घडी छातीशी धरून बसल्या होत्या, आणि किती वेळ बसल्या तरी बोलेनात. काकूंनी मग त्यांच्यासाठी आतून खिसा शिवला. आधी कापूस भरून पाहिला, पण वजन येईना, एक खांदा वर जाई. स्पंज भरला तो सरके. शेवटी मऊ कापडाच्या पिशवीत मोहरी भरली, दुसऱ्या बाजूच्या अंदाजाने थोडी थोडी वाढवत नेली. बाईंनी घालून आरशात पाहिलं. मग फळ्यावर लिहितात तसा हात उंच केला, खाली आणला, पुन्हा उंच केला आणि म्हणाल्या, "ढळत नाही."

"मोहरी," साहेब म्हणाले. "वा." आणि त्यांनी काकूंच्या हातावर हात ठेवला.

काकू त्या दुपारी भांडी घासताना गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून साहेब कामाला लागले. दिवाणखान्यात दारासमोरच टेबल मांडलं, त्यावर फोन, त्यामागे खुर्ची, खुर्चीत स्वतः. गॅलरीला पाटी लागली. ठोक व्यापाऱ्याला दोन फोन करून त्यांनी भाव पाडून घेतला, तेव्हा मात्र काकू मनापासून थक्क झाल्या. पाटी बघून लांबच्या बायका येऊ लागल्या. पहिल्या महिन्यात दहा झाल्या, वर दोन झाल्या. साहेब आइस्क्रीम घेऊन आले. दोघांनी गॅलरीत उभं राहून खाल्लं आणि काकूंना वाटलं, बरं झालं, ह्यांना घर सापडलं.

"दहा झेपल्या ना?" साहेब म्हणाले. "आता पंधरा."

पंधराचा महिना वेगळा गेला. आता बाई आत आली की आधी टेबलापाशी थांबायची. "या, बसा. साइज माहीत आहे की काढायची आहे?" असं साहेब भारदस्त आवाजात विचारत. त्यात वाईट काहीच नव्हतं. रंगाचा डबा घ्यायला आलेल्या माणसाला ते असंच विचारत असणार. पण बायका ओढणी सावरत आणि भिंतीकडे बघून उत्तर देत. कॅशियरबाई एकदा दारापर्यंत आल्या, साहेबांना पाहून म्हणाल्या, "काही नाही, जिन्यातला दिवा गेलाय, ते सांगायला आले होते," आणि तशाच खाली गेल्या. जिन्यातला दिवा व्यवस्थित चालू होता.

आत एका बाईला किती वेळ द्यायचा तेही साहेबांनी ठरवून दिलं. वेळ झाली की ते दारावर टकटक करत. खुर्चीत बसून नणंदेबद्दल बोलणारी बाई दचकून उठायची आणि दिसेल ते घेऊन पैसे देऊन जायची. बदलायला येणाऱ्यांची संख्या वाढली. साहेब त्यांनाही मोजत. म्हणत, "आलं ना गिऱ्हाईक दारात? येणं महत्त्वाचं."

"अहो, त्या बसायच्या आधी," काकू एकदा म्हणाल्या.

"बसून टार्गेट होत नाही. पुढच्या महिन्यात वीस करायच्यात."

"मग वीसच्या ऐवजी दहाच ठेवू या का? मला झेपत नाहीये."

"तुला वाटतं झेपत नाही. प्रत्येकालाच वाटतं. माझी पोरं रडायची, खोटं नाही सांगत. आणि मग करायची."

आयत्या बिळावर नागोबा म्हणावा तर नागोबा तरी गप्प बसतो. हा नागोबा वारुळाला मजले चढवत होता. पण काकूंनी वाद वाढवला नाही. माणूस सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसतो, दुपारी झोपत नाही, हे त्यांना दिसत होतं. एका माणसाला उभं करायला आपण थोडं वाकलो तर काय बिघडलं, असं त्या स्वतःला समजावत होत्या.

वीसच्या महिन्यात आकडा काही गाठला जाईना. महिन्याची अखेर जवळ आली तसे साहेब अस्वस्थ झाले आणि त्यांनी जुन्या बायकांना फोन करायला सुरुवात केली. काकूंचा फोन घेऊन टेबलाशी बसत आणि एकेक नंबर लावत. अशाच एका दुपारी काकू आत एका बाईचं माप घेत होत्या. बाहेर साहेबांचा आवाज चालू होता, पण दार बंद असल्यामुळे शब्द कळत नव्हते. कळले असते तर गळ्यातली मोजपट्टी फेकून त्या धावत आल्या असत्या.

चित्रकलेच्या बाई तासावर होत्या. त्यांचा फोन शिक्षकांच्या खोलीत टेबलावर वाजला. खेळांचे सर जवळ बसले होते, त्यांनी माणुसकीने उचलला आणि बाई वर्गावर आहेत, निरोप असेल तर सांगा, म्हणाले. आता निरोप ठेवायचा तर मोघम ठेवायचा नाही, गिऱ्हाइकाला आपली आठवण आहे असं वाटलं पाहिजे, हे साहेबांनी आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं. त्यांनी नीट, सावकाश निरोप सांगितला. बाईंना म्हणावं, ऑपरेशन झालेल्या बाजूसाठी मोहरीची पिशवी शिवून देतो ना आम्ही, ती आता जुनी झाली असेल. या आठवड्यात आलात तर दोनवर एक कमी भावात देऊ.

खेळांच्या सरांना पित्ताशय आणि मोहरी यांचा मेळ बसेना. बाई वर्गावरून आल्या तेव्हा त्यांनी निरोप जसाच्या तसा, सगळ्यांसमोर, खुलासा विचारत सांगितला.

काकूंना हे चार दिवसांनी कळलं, तेही कॅशियरबाईंकडून. त्यांची भाची त्याच शाळेत होती. "काकू, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," कॅशियरबाई जिन्यातच म्हणाल्या, "आमच्या घरातलंही तुम्हाला बरंच माहीत आहे."

काकू तशाच, घरच्या कपड्यांवर, चपला अडकवून बाईंच्या घरी गेल्या. बाईंनी दार उघडलं, पण हात चौकटीवरच ठेवला. त्यांच्या मागे खोलीत एक अर्धं रंगवलेलं चित्र भिंतीला टेकवून ठेवलेलं दिसत होतं.

"बाई, मी फोन केला नव्हता," काकू म्हणाल्या.

"माहीत आहे. पुरुषाचा आवाज होता म्हणे. फार आदबशीर होता असं सर सांगत होते."

"माझ्या तोंडून गेलं त्यांच्यापाशी. मला वाटलं नाही की..."

"मला तरी कुठे वाटलं होतं?" बाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. "शाळेत सगळे चांगलं वागतात आता. दार उघडून धरतात. मुलं बोलत असली आणि मी आले की गप्प होतात. परवा मी फळ्यावर लिहायला वळले तर मागची सगळी बाकं माझा हातच बघत होती." मग म्हणाल्या, "काकू, तुमच्या हाताला गुण आहे. पण आता येऊ नका."

दार हळूच लागलं. आपटलं असतं तर काकूंना बरं वाटलं असतं.

घरी साहेब टेबलाशीच होते. काकूंनी सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग पेन बंद केलं.

"निरोप त्या सरांनी द्यायला नको होता असा. चूक त्यांची आहे. आणि हे बघ, मी लपवण्यासारखं काय बोललो? आजार म्हणजे गुन्हा आहे का? उलट अशा बायकांची संख्या बरीच आहे. त्यांच्यासाठी तर आपण खास पत्रक काढायला पाहिजे."

"मी ते तुम्हाला जेवताना सांगितलं होतं," काकू म्हणाल्या.

"मग?"

"जेवताना सांगितलेलं कुणी बाजारात नेतं का?"

साहेबांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी खरोखर विचार केला, कपाळाला आठी घालून, आणि मग म्हणाले, "एक गिऱ्हाईक गेलं म्हणून एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. या धंद्यात दहा येतात, एक जातं."

त्या वेळी काकूंना आपल्या नवऱ्याचा राग आला नाही. आला तो स्वतःचा, आणि त्या गुणगुणण्याचा. घास हातात धरून थांबलेला माणूस आपलं ऐकत नव्हता, माल बघत होता, हे एवढ्या वर्षांच्या बाईला कळू नये.

बायका एकदम गेल्या नाहीत. हळूहळू विरळ झाल्या. कुणाची तब्येत बरी नव्हती, कुणाकडे अजून जुनेच होते, कुणी समोरून येताना रस्ता ओलांडून पलीकडे गेली. साहेबांनी याला मंदी हे नाव दिलं आणि टार्गेट खाली आणलं. वीसचे दहा, दहाचे पाच. "परिस्थिती बघून बदलावं लागतं. झेपेल असंच ठेवायचं," ते म्हणत. मग दोन. मग असा एक महिना आला की टार्गेट एक बाई होती, आणि शेवटच्या दिवसापर्यंत ती एक बाई काही जिना चढली नाही.

संध्याकाळी साहेब मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "असं कर," ते म्हणाले, "तूच घे एक. महिना कोरा जायला नको."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते. काकूंनी कपाटातून आपल्या मापाचा डबा काढला, पाकिटातले पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि साहेबांनी ते उचलून खणात टाकले. दुसऱ्या दिवशी काकूंनी उरलेले डबे दोरीने बांधले, रिक्षात घालून ठोक व्यापाऱ्याकडे नेले आणि मिळाले त्या भावात देऊन आल्या. पाटी काढायला साहेबांनी मदत केली. ते म्हणाले, "एका धंद्यातून माणूस जे शिकतो ते वाया जात नाही."

आणि त्यांचं तेवढं मात्र खरं ठरलं. पुढे काही महिन्यांनी त्यांच्या जुन्या कंपनीतल्या एका पोराने, जो आता कुठल्याशा संस्थेत प्रशिक्षणाचं बघत होता, त्यांना व्याख्यानाला बोलावलं. विषय होता घरबसल्या विक्रीचा व्यवसाय आणि झेपेल असं ध्येय. साहेबांनी शर्टाला कडक इस्त्री करून घेतली. काकू पहिल्या रांगेत बसल्या, कारण त्यांची जागा तिथे राखून ठेवली होती.

साहेब उत्तम बोलले. टाच उचलण्याचं सांगितलं, तेव्हा सभागृहातल्या बायकांनी लिहून घेतलं. घराच्या मागच्या खोलीत चाललेला एक लहानसा धंदा नियोजनाने दुप्पट कसा झाला, तेही सांगितलं. दुप्पट झाला होता, यात खोटं काहीच नव्हतं. त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही. मग हात पुढे करून म्हणाले, "आणि या सगळ्यामागची खरी व्यक्ती इथे बसली आहे." टाळ्या वाजल्या. काकू उठल्या, वळल्या, नमस्कार करून बसल्या. एवढे हात एकदम आपल्यासाठी वाजताना त्यांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

चहाच्या वेळी एक तरुण मुलगी त्यांच्याजवळ आली. घरी चादरी आणून विकायचा तिचा विचार होता. वही छातीशी धरून म्हणाली, "काकू, सर बोलले ते सगळं समजलं. पण तुम्ही सांगा ना, प्रत्यक्ष करताना मुख्य काय सांभाळायचं?"

काकूंनी कप बशीत ठेवला. पलीकडे साहेबांभोवती बायकांचा घोळका जमला होता आणि जी ती "सर, सर" करत होती.

"तुझे मिस्टर दिवसभर घरी असतात का?" काकूंनी विचारलं.

"नाही. सकाळी जातात ते रात्रीच येतात."

"मग झेपेल तुला," काकू म्हणाल्या.

मुलगी खळखळून हसली. हे तिला फारच आवडलं. "काकू, तुम्ही पण ना," म्हणत ती मैत्रिणींना सांगायला गेली, आणि थोड्या वेळाने तिकडूनही हसण्याचा आवाज आला. काकूंनी उरलेला चहा संपवला. साहेब हात हलवून बोलावत होते, कारण छायाचित्र काढणारा खोळंबला होता. त्या जाऊन त्यांच्या डाव्या हाताला उभ्या राहिल्या.